कॅनाबिनॉइड चतुष्क चाचणी
गांजातील कॅनाबिनॉइड संयुगांचा उंदरांच्या वर्तनावरील परिणाम तपासण्याची प्रयोगशाळेतील पद्धत. टीएचसी हे गांजातील मुख्य नशाकारक संयुग टोचलेल्या उंदराची हालचाल मंदावते, शरीराचे तापमान उतरते, वेदना उशिरा जाणवते आणि तो ठेवल्या स्थितीतच थिजून राहतो; हेच ते चतुष्क. थिजणे मोजण्यासाठी रॉजर पर्टवी यांनी १९७२ मध्ये कडे चाचणी मांडली : आडव्या कड्यावर ठेवलेला उंदीर किती वेळ निश्चल राहतो, हे त्यात पाहतात. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधांनीही उंदीर थिजतो. म्हणून एकट्या लक्षणावर विसंबणे चूक ठरते. खरी कसोटी मेंदूतील, टीएचसी जिच्यावर काम करते त्या सीबी-१ ग्राहीची. रिमोनाबंट या औषधाने ती अडवली किंवा ती ग्राहीच नसलेले उंदीर घेतले, तर हे परिणाम बहुतांशी नाहीसे होतात. मात्रेकडेही लक्ष हवे : अल्प मात्रेने भित्रेपणा घटतो, मोठ्या मात्रेने वाढतो.