शमुवेलाचा सवाल आणि क्रॉफर्ड साहेबाचं प्रकरण

आज बोदवडला आपण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून बघू. एक बायबलातली, दुसरी आपल्या खानदेशावर अंमल असलेल्या एका साहेबाची.

शमुवेल म्हातारा झाला, कारभार राजाच्या हाती गेला. तेव्हा त्याने सगळ्या इस्राएल लोकांसमोर उभं राहून स्वतःचीच झडती दिली. आपण कोणाचा बैल किंवा गाढव घेतलं का, कोणावर जुलूम केला का, लाच खाऊन डोळेझाक केली का, असं त्याने विचारलं. निघालं तर परत करायची तयारी दाखवली. म्हणजे बघा, सवाल अधिकाऱ्याने केला आणि जबाब रयतेने दिला, तोही नव्या राजाच्या देखत.

आता 1888 साली या. आपलं बोदवड तेव्हा खानदेश जिल्ह्यात, आणि खानदेश मुंबई इलाख्याच्या मध्य विभागात. या विभागाचा कमिशनर आर्थर क्रॉफर्ड. मुंबईचा पहिला म्युनिसिपल कमिशनर तोच. तिथल्या मंडईला त्याचंच नाव दिलं होतं. माणूस कर्तबगार, पण कर्जात बुडालेला. बदली-बढतीसाठी हणमंतराव नावाच्या मध्यस्थामार्फत पैसे घेतले जातात, असा आरोप झाला. गव्हर्नर लॉर्ड रे यांनी चौकशी लावली.

पण साक्ष कोण देणार? पैसे दिलेले मामलेदारच. तेव्हा सरकारने त्यांना अभय दिलं, आणि ते बोलले. हणमंतरावाला शिक्षा झाली. क्रॉफर्डवर लाचेचा आरोप आयोगाने सिद्ध धरला नाही. हाताखालच्या लोकांकडून कर्ज घेतल्याबद्दल त्याची नोकरी मात्र गेली. पुढे लाच दिल्याची कबुली देणाऱ्या मामलेदारांवरच गदा आली. दिलेला शब्द सरकारने पाळावा, म्हणून 1889 मध्ये टिळकांनी त्यांची बाजू लढवली.

इथे आपल्याला जरा अडखळायला होतं. मामलेदार दबावाखाली होते, हे खरं. पण वर पैसे भरलेला माणूस खाली कोणाकडून वसूल करणार? शेवटी शेतकऱ्याकडूनच ना! महसुली नोकरांकडून शेतकरी कसा नागवला जातो, ते जोतीराव फुल्यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’ मध्ये या प्रकरणाच्या आधीच मांडलं होतं. क्रॉफर्डच्या त्या मंडईला आज महात्मा फुल्यांचं नाव आहे, हे विसरू नका.

शमुवेलाच्या घरातही हेच दुखणं होतं. त्याची मुलं योएल आणि अबीया बैरशेबात न्यायाधीश होती आणि लाच खात होती. बाप स्वच्छ म्हणून मुलं स्वच्छ निघाली नाहीत. वडीलधाऱ्यांनी येऊन त्याला तोंडावर सांगितलं, पण उपाय म्हणून राजा मागितला. शमुवेलाने बजावलं, हा राजा तुमची मुलं नेईल, शेतं नेईल, पिकाचा दहावा हिस्साही नेईल. म्हणजे खाणारा माणूस बदलला तरी खाणं थांबेलच असं नाही.

म्हणून मंडळी, पुढारी प्रामाणिक हवा, एवढंच मागून भागत नाही. त्याने लोकांसमोर हिशेब द्यावा आणि खरं बोलणाऱ्याला संरक्षण मिळावं, हेही मागायला हवं. ग्रामसभेत किंवा नगरपंचायतीत शमुवेलाचा सवाल कोणी स्वतःहून करत नसेल, तर तो आपण करायचा. आणि आपल्यापैकी जो पहिला उठून बोलेल, त्याला एकटं पाडायचं नाही.