मोडी : घरातलीच पण अनोळखी लिपी

माळ्यावरची जुनी पेटी उघडली, की पुष्कळदा तांबूस पडलेल्या कागदांची गुंडाळी हाती लागते. भाषा आपलीच मराठी, पण वाचता काही येत नाही. ती असते मोडी. कोल्हापूरच्या पुरालेखागारात तर करवीर संस्थानच्या अशा कागदांचे रुमालच्या रुमाल बांधलेले आहेत.

मोडी लिहिण्याची रीत मोठी गमतीची. कारकून आधी कागदभर आडवी रेघ ओढी आणि तिच्याखाली बोरू शक्यतो न उचलता अक्षरे गुंफीत जाई. शब्द कुठे संपला याची खूण नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेदही नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ सारखेच! संदर्भ धरून वाचायचे. हेमाडपंताने ही लिपी लंकेहून आणली, अशी आख्यायिका आहे. ऐकायला बरी, पण तिला पुरावा नाही. भराभर लिहिण्याच्या गरजेतूनच ही वळणे पडली असावीत.

विल्यम केरीने १८१० साली बंगालातल्या श्रीरामपूरला मराठी कोश मोडी खिळ्यांनी छापला खरा; पण पुढे छापखान्यात बालबोधच रुळली. विसाव्या शतकाच्या मध्यास शाळेतूनही मोडी गेली.

आता हबसाणचे, म्हणजे इथिओपियाचे पाहा. मलिक अंबर मूळचा तिकडचाच. तिथली जुनी भाषा गीझ. ती आज घरात कुणी बोलत नाही, ख्रिस्ती देवळांतल्या प्रार्थनेपुरती उरली आहे. तिची लिपी मात्र जिवंत! आपल्या बाराखडीसारखीच तऱ्हा. एकेका अक्षराची स्वरांनुसार सात रूपे. अम्हारिक भाषा आजही तीतच लिहितात. तिकडे भाषा गेली नि लिपी राहिली; आपल्याकडे भाषा नांदते आहे आणि लिपी गेली.

त्याची झळ कुणाला, म्हणाल? २०२३ साली कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हा गावोगावचे जुने दप्तर उघडले गेले आणि मोडी वाचणाऱ्यांची शोधाशोध झाली. एका ओळीवर घराचा दाखला अवलंबून, अन् ती ओळ घरातल्या कुणालाच लागेना!

गुरुजींनी मनावर घ्यावे. अक्षरे लवकर येतात, वाचन सरावाने बसते. प्रथम स्वच्छ हाताचा कागद घ्यावा आणि त्यात ओळखीची गावनावे हुडकावीत : करवीर, कागल, पन्हाळा. एक नाव लागले, की त्यातली अक्षरे पुढच्या ओळीत आपोआप दिसू लागतात.