ससून घराणे : अफू, वास्तू आणि कवी

बगदादहून येऊन १८३२ च्या सुमारास मुंबईत स्थिरावलेल्या डेव्हिड ससून यांचे दातृत्व वास्तूंतून बोलते : काळा घोड्याजवळचे ग्रंथालय, पुण्याचे ससून रुग्णालय, आणि पुणेकर ज्याला ‘लाल देऊळ’ म्हणतात ते १८६७ चे सिनेगॉग. या दातृत्वामागे कापसाबरोबरच चीनला जाणाऱ्या अफूचा व्यापार होता. स्मारकांनी तो विसरावा हे स्वाभाविक, पण वाङ्मयसमीक्षेनेही विसरावा? १९१७ मध्ये युद्ध लांबवणाऱ्या राज्यकर्त्यांचा जाहीर निषेध करणारा इंग्रजी कवी सिगफ्रीड ससून हा डेव्हिड यांचा पणतू. धर्माबाहेर विवाह केल्यामुळे त्याच्या वडिलांना घराण्याने दूर लोटले, म्हणून समीक्षकांनी कवीलाही या इतिहासातून मोकळे केले. वस्तुतः पत्रसंपादक म्हणून गाजलेली आत्या, पूर्वाश्रमीची ससून असलेली रेचल बीअर, १९२७ मध्ये वारली आणि तिचा भरघोस वारसा सिगफ्रीडकडेच आला. विल्टशरमधील हेट्सबरीचा त्याचा वाडा याच पैशातून विकत घेतला गेला.