भटके-विमुक्त मुलांचे शिक्षण : वारजे-कर्वेनगर, पुणे

पिढ्यान्‌पिढ्या फिरस्तीवर किंवा गावकुसाबाहेर राहिलेल्या जमातींतील मुलामुलींना शाळेत आणणे, तेथे टिकवणे आणि पुढे कामधंद्याला लावणे यांसाठी शासनाने, संस्थांनी आणि खुद्द जमातींनी केलेले प्रयत्न. शाळेचे दार कायद्याने उघडून दिले आहे. वस्तीपासून त्या दारापर्यंतची वाट मात्र अजून अवघड आहे, आणि या नोंदीचा भर त्या वाटेवर आहे.

मुठेकाठचे वारजे १९९७ च्या हद्दवाढीत पुणे महापालिकेत आले. त्याला लागून असलेल्या कर्वेनगरात, म्हणजे जुन्या हिंगणे बुद्रुकमध्ये, वडारवस्ती आहे. राज्याच्या विमुक्त जातींच्या यादीत वडार आहेत. गाडी वडार दगड वाहणारे, माती वडार खोदकामाचे. पाथरवटाच्या कामातले लोक जाती, पाटे-वरवंटे घडवायचे. पाट्याला टाकी लावून देत दारोदार फिरणाऱ्या वडारणी पुण्यातल्या जुन्या वाड्यांना परिचयाच्या होत्या. शहराच्या पायातला दगड ज्या हातांनी फोडला, त्यांचे काम खडी-क्रशरने आणि जेसीबीने काढून घेतले. सुतकी आणि पहार बाजूला पडली. पुरुष खोदाई, सेंट्रिंगच्या रोजंदारीवर गेले, बायका धुण्याभांड्यांकडे वळल्या. बापाकडून मुलाकडे जाणारी कारागिरी संपल्यावर त्या मुलाच्या हाती शाळेखेरीज दुसरे काही उरले नाही.

शाळेबद्दलच्या अविश्वासाला मात्र इतिहास आहे आणि तो समजून घेतल्याशिवाय कोणत्याही वस्तीत काम उभे राहत नाही. ब्रिटिश सरकारने १८७१ मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला. १९११ च्या कायद्याने त्याचा विस्तार देशभर झाला. जन्मानेच गुन्हेगार ठरलेल्या माणसांना पोलिसांकडे हजेरी द्यावी लागे, परवानगीशिवाय गाव सोडता येत नसे. १८९७ च्या दुरुस्तीने तर मुलांना आईबापांपासून तोडून सुधारगृहात ठेवण्याचा अधिकार सरकारला दिला. सोलापूरची सेटलमेंट, म्हणजे अशा जमातींना डांबून ठेवण्याची वसाहत, याच व्यवस्थेतली. तारेच्या कुंपणाआड वाढलेल्या पिढीला सरकार मूल न्यायला आले की धडकी भरत असे, मग ते शिकवायला का नेत असेना. ३१ ऑगस्ट १९५२ रोजी हा कायदा रद्द झाला, म्हणून या जमाती 'विमुक्त'. संशयाची नजर कायद्याबरोबर रद्द झाली नाही. चोरी झाली की आधी पालावर जाणारी पोलिसांची गाडी आणि वर्गात पेन हरवले की आधी तपासले जाणारे पारध्याच्या पोराचे दप्तर, ही एकाच सवयीची दोन रूपे आहेत.

स्वातंत्र्यानंतर शासनाचा मुख्य भर निवासी आश्रमशाळांवर राहिला. संस्था-कार्यकर्त्यांनीही अशा शाळा काढल्या. तुळजापूर तालुक्यातील यमगरवाडीचा प्रकल्प १९९३ मध्ये सुरू झाला; त्याच्या उभारणीत पुढाकार घेणारे गिरीश प्रभुणे यांनी पुढे चिंचवडला पुनरुत्थान समरसता गुरुकुलम् उभे केले. त्यांना २०२१ मध्ये पद्मश्री जाहीर झाली. अमरावती जिल्ह्यातील मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी शिक्षकाने भीक मागणाऱ्या मुलांसाठी 'प्रश्नचिन्ह' आश्रमशाळा काढली. या शाळांनी अनेक घरांत पहिला शिकलेला माणूस दिला, आणि त्या पहिल्या माणसाला काय सोसावे लागते हे मराठी वाचकाला लक्ष्मण माने यांच्या 'उपरा' (१९८०) आणि लक्ष्मण गायकवाड यांच्या 'उचल्या' (१९८७) या आत्मकथनांनी दाखवले. गायकवाड शाळेत जाऊ लागले तेव्हा वस्तीतल्या मुलांच्या आजारपणाचा दोष त्या शाळेवर आला होता. बाहेरचे जवळ येऊ देत नाहीत आणि आपले परके मानतात, अशा दुहेरी कोंडीत पाटी धरायची होती.

आजची कोंडी बरीचशी कागदाची आहे. शिष्यवृत्ती, वसतिगृह, महाविद्यालयातील राखीव जागा या सगळ्यांची किल्ली जातीचा दाखला. विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी त्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा लागतो, तोही वडिलांकडचा : आजोबांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यातली जातीची नोंद, जन्म-मृत्यूच्या रजिस्टरचा उतारा, जमिनीचा जुना कागद. ज्याचा आजोबा शाळेत गेला नाही, ज्याच्या नावे गुंठाभर जमीन नव्हती, जो त्या वर्षी बिऱ्हाड गाढवावर लादून चार जिल्हे फिरत होता, त्याच्या नातवाने हे कुठून आणायचे? भटकेपणाचा दाखला मिळवण्यासाठी स्थिर असल्याचा पुरावा द्यायचा, ही या व्यवस्थेतली सर्वांत मोठी अडचण आहे. पुरावा नसल्यास गृहचौकशी करून दाखला देण्याची वाट शासनाने ठेवली आहे. पण ती माहीत असणारा आणि तहसील कचेरीत पाठपुरावा करणारा माणूस वस्तीत असावा लागतो. याद्यांचा गुंता वेगळाच. फासेपारधी अनुसूचित जमातीत, पालपारधी विमुक्त जातींत. कैकाडी विदर्भात अनुसूचित जातीत आणि पुण्यात विमुक्त जातींत. वडिलांकडच्या पुराव्याची अट तर काहींना मुळातच पुरी करता येत नाही. 'कोल्हाट्याचं पोर' (१९९४) लिहिणारे डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी आईचे नाव लावले. तमाशातल्या बाईच्या मुलाला वडिलांकडचा पुरावा मागणे म्हणजे काय, हे त्या एका नावातून कळते.

युरोपातल्या रोमा समाजाची स्थिती आपल्याकडच्या भटक्या-विमुक्तांशी पुष्कळ जुळते. त्यांची भाषा भारतीय-आर्य कुळातली. त्यांचे पूर्वज सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून पश्चिमेकडे गेले. चेक प्रजासत्ताकातील ऑस्ट्राव्हा शहरात रोमा मुलांना सर्रास मतिमंदांसाठीच्या शाळांत घालत. अशा १८ मुलांच्या दाव्यात युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २००७ मध्ये हा भेदभाव ठरवला. रुमानियाने रोमा समाजातलीच माणसे शाळा आणि वस्ती यांच्यातले मध्यस्थ म्हणून नेमली. महाराष्ट्रात स्थलांतरित मुलांसाठी शाळाबाह्य मुलांना शोधून शाळेत आणणारे बालरक्षक शिक्षक आणि नव्या गावी शाळाप्रवेश सोपा करणारे शिक्षण हमी कार्ड आहे. हे चांगलेच आहे, पण बालरक्षक हा शाळेचा माणूस. वस्तीतली, पगारी आणि कायम नेमलेली व्यक्ती ही आपल्याकडची मोठी उणीव आहे.

अशी व्यक्ती का हवी, हे पहिलीच्या वर्गात दिसते. वडारांच्या घरची बोली तेलुगूच्या जवळची, कैकाड्यांची तमिळशी नाते सांगणारी, पारध्यांची गुजरातीच्या वळणाची. बाई मराठीत विचारतात, मूल गप्प राहते आणि ते गप्प राहणे मंदपणा समजले जाते. घरची बोली जाणणारी एक ताई पहिले काही महिने वर्गात असली, तरी ही चूक टळते. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही आणि मोठ्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवावे लागते. पण अकरा वर्षांचे, अक्षरओळख नसलेले मूल पाचवीत नुसते बसवून भागत नाही. त्याच्यासाठी स्वतंत्र तयारीचा वर्ग लागतो. मुंबईत १९८८ मध्ये सुरू झालेल्या आणि पुण्यातही पसरलेल्या डोअर स्टेप स्कूल या संस्थेने बांधकामांच्या जागी वर्ग भरवून आणि बसमध्ये चाकावरची शाळा चालवून हे काम केले आहे.

आश्रमशाळा ही फिरत्या कुटुंबांची गरज होती आणि काहींची अजूनही आहे. वारजे-कर्वेनगरातली कुटुंबे मात्र एका जागी राहतात. त्यांच्या मुलांना घरापासून तोडण्याचे कारण नाही. येथे गरज आहे ती वस्तीतच रात्री दहापर्यंत उघड्या अभ्यासिकेची, कारण दहा बाय दहाच्या खोलीत टीव्ही, चूल आणि पाच माणसे असताना दहावीचा अभ्यास होत नाही. सातवी-आठवीनंतर धाकट्या भावंडांसाठी घरी थांबवल्या जाणाऱ्या मुलींसाठी त्याच आवारात पाळणाघरही हवे. महर्षी कर्व्यांनी विधवांचा आश्रम १९०० मध्ये याच हिंगण्याच्या माळावर आणला आणि १९६३ पासून समाजकार्य शिकवणारी कर्वे समाज सेवा संस्था याच परिसरात आहे. ज्ञान, इमारती आणि प्रशिक्षित माणसे यांची येथे वानवा नाही.

शाळेशी जोडलेल्या घराच्या प्रश्नावर शासनाची २०११ ची यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत योजना आहे. तीत कुटुंबामागे पाच गुंठे जागा आणि २६९ चौरस फुटांचे घर धरले आहे; मात्र ती ग्रामीण भागासाठी आखलेली असल्याने शहरातील वस्त्यांना झोपडपट्टी पुनर्वसनाचीच वाट धरावी लागते. पुनर्वसनात घर दूर गेले, तर मुलांची शाळा बदलते. तेव्हा जुन्या शाळेच्या पटावरची नावे नव्या शाळेत पोहोचली की नाही हे पाहण्याची जबाबदारी एका ठरावीक अधिकाऱ्याकडे असणे आवश्यक आहे. नाहीतर सातवीपर्यंत आलेली मुले याच टप्प्यावर गळतात.