मुका हेडफोन आणि पुणेकर श्रोता

२३ जुलै १९२७ रोजीं लॉर्ड आयर्विन यांनीं मुंबईस इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचें केंद्र उघडलें. त्याची शक्ति अवघी दीड किलोवॅट. गॅलेनाच्या खड्यावर तारेचें टोंक टेकवून चालणारा स्वस्त स्फटिक-संच सुमारें ३० मैलांच्या आंतच उपयोगी पडे. पुणें तर घाटापलीकडे. तेव्हां पुणेकरास व्हॉल्व्हचा संच घेणें प्राप्त होतें, वर परवान्याचे वार्षिक १० रुपये. ध्वनिक्षेपकाचा जादा खर्च ज्यास झेपत नसे, त्याची सारी भिस्त हेडफोनवर. तो मुका झाला कीं सगळें द्रव्य व्यर्थ.

त्याची रचना मात्र साधी असे. प्रत्येक डबींत लोहचुंबक, त्याच्या टोंकांवर केसासारख्या तारेचीं वेटोळीं आणि समोर लोखंडाचा पातळ पडदा. प्रवाह कमीअधिक झाला कीं चुंबकाची ओढ बदले, पडदा कांपे व आवाज उमटे. दोन्ही डब्या बहुधा एकाच प्रवाहमार्गांत असत. म्हणून एकीची तार तुटली तरी दोन्ही कान एकदम बंद पडत.

दोष शोधण्यास विजेरीचा एक सेल पुरे. दोरीचीं टोंकें त्यास क्षणभर टेकवितांच ‘टक्’ असा आवाज आला, तर व्यथा संचांत. न आला, तर सेल थेट डब्यांच्या स्क्रूंस लावावयाचा. तेथें दोन्ही डब्या बोलल्या, तर अपराधी दोरी. तिच्यांत धाग्यावर गुंडाळलेली पातळ धातूची पट्टी असे. ती डाख नीट धरीत नसल्यानें प्रथम बारीक तांब्याच्या तारेनें आवळून बांधावी लागे. पडदा वर न उचलतां बाजूस सरकवीत, नाहींतर तो वांके.

व्हॉल्व्हच्या संचांत आणखी एक दक्षता हवी असे. त्यांतील स्थिर प्रवाह हेडफोनांतून उलट वाहिला, तर चुंबक क्षीण होई. म्हणून दोरीच्या धन टोंकास लाल धाग्याची खूण असे. ती न पाहणाऱ्याचा आवाज दिवसेंदिवस मंदावे, आणि दोष मात्र मुंबईच्या माथीं!

२ ऑक्टोबर १९५३ रोजीं पुण्यास आकाशवाणीचें केंद्र आलें, आणि स्फटिक-संचही येथें बोलूं लागला. १९५८ मध्यें अमेरिकेंत कॉसनें स्टीरिओ हेडफोन काढले. दोन्ही कानांचे मार्ग निराळे झाले. परंतु दोरी आजही प्लगपाशीं, जेथें ती वारंवार वांकते, तेथेंच तुटते. तपकीर गल्लींतून नवा प्लग आणून तारांवरील रोगण खरवडलें व डाख दिला, कीं मुका कान पुन्हां बोलतो. यंत्र पालटलें, शोधण्याची रीत मात्र तीच राहिली.