चूल, ओटा आणि कोपर

लग्न पाहावे करून आणि घर पाहावे बांधून, असे म्हणतात. ज्याने हे म्हटले त्याने स्वयंपाकघर दुरुस्त करून पाहिलेले नसावे. लग्न दोन दिवसांत आटोपते, घर दोन वर्षांत उभे राहते. पण स्वयंपाकघरात गॅस कुठे, सिंक कुठे, फ्रिज कुठे, मिक्सर कुठे आणि या सगळ्यांतून उरलेल्या जागेत बाईमाणूस कुठे, हे ठरवता ठरवता माणूस मेटाकुटीस येतो. शेवटच्या बाबीचा विचार नेहमी शेवटीच होतो. किंबहुना होतच नाही.

आमच्या अमरावतीच्या घरात गेले तीन महिने हा एकच विषय चालू आहे. मी पेशाने इतिहासाचा मास्तर, आता निवृत्त. पानिपत १७६१, अष्टी १८१८ अशा सनावळ्या शिकवण्यात हयात गेली. त्यामुळे घरात नकाशे पसरले की माझे लक्ष नकाशापेक्षा त्याच्या पूर्वपीठिकेकडे जाते. इतिहासकार अश्मयुग, ताम्रयुग, लोहयुग असे भाग पाडतात. वऱ्हाडातल्या सैपाकखोलीचेही तसेच तीन भाग पडतात : धूरयुग, ओटायुग आणि ट्रॉलीयुग.

धूरयुग मी डोळ्यांनी पाहिले आहे. म्हणजे जेवढे दिसले तेवढे. अंबागेटच्या आत, परकोटातल्या आमच्या जुन्या धाब्याच्या घरात ओसरी, मग माजघर आणि अगदी मागे सैपाकखोली. तिला खिडकी नव्हती, वर एक झरोका होता. चूल, तिच्या बाजूला वैल, कोपऱ्यात उतरंड, आढ्याला शिंके आणि भिंतींना शंभर वर्षांचा काळा रंग. हा रंग द्यायला पैसे पडत नसत.

चुलीत जळायची पऱ्हाटी. नसली तर तुराटी. परप्रांतीय वाचकांसाठी सांगतो, पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर शेतात उरते ती काडी. १८५३ साली निजामाकडून वऱ्हाड इंग्रजांच्या कारभारात आले. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी झाली, तिकडचा कापूस बंद पडला आणि मँचेस्टरच्या गिरण्यांना आमची आठवण झाली. १८६७ पर्यंत रेल्वे अकोला, बडनेरा करीत नागपूरला पोचलीसुद्धा. वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड म्हणतात ते या कापसामुळे. त्यातला कापूस गेला विलायतेला आणि पऱ्हाटी आली आमच्या आजीच्या चुलीत. साम्राज्यातली ही वाटणी कुठल्याही तहात लिहिलेली नाही.

पऱ्हाटीचा एक गुण असा की ती भुर्रकन पेटते आणि तितक्याच तातडीने विझते. म्हणजे एका हाताने भाकर आणि दुसऱ्या हाताने जाळ, दोन्ही सांभाळावे लागतात. सैपाकखोलीची सारी मांडणी त्यातून ठरलेली. पाटावर बसायचे; उजवीकडे परात, डावीकडे पऱ्हाटी, पुढ्यात तवा, मागे पाण्याचा गुंड. बसल्या जागेवरून उठायचे काम नाही. हल्लीचे डिझायनर लोक चूल, पाणी आणि फ्रिज यांच्यातल्या ज्या 'कामाच्या त्रिकोणा'चे कौतुक सांगतात, तो आजीने हातभर अंतरात बसवला होता. फक्त त्या त्रिकोणाच्या मध्यावर धूर होता.

या धुराचे मोजमाप पुढे झाले. किर्क स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी गुजरातेतल्या काही खेड्यांत चुलीपुढच्या बायकांच्या अंगावर यंत्रे लावून त्या किती धूर घेतात ते मोजले आणि १९८३ साली ते प्रसिद्ध केले. तेव्हापासून चुलीचा धूर हा जगभर शास्त्राचा विषय झाला. तोवर तो फक्त बायकांचा विषय होता. तसा आपल्या शेजारी वर्ध्याला त्याचा विचार आधीच झाला होता. १९३४ साली तिथे अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, जे. सी. कुमारप्पा त्याचे चालक. तिथल्या मगनवाडीत 'मगनचूल' तयार झाली : मातीचीच, पण धूर बाहेर नेणारे धुराडे असलेली. वर्धा आमच्यापासून किती लांब? सकाळी गाडीत बसले तर दुपारच्या जेवणाला परत येता येईल एवढेच. पण आमच्या घरात काही ती चूल आली नाही. कारण साधे होते. घरासाठी काय आणायचे हे पुरुष ठरवीत आणि पुरुष ओसरीवर बसत. धूर ओसरीपर्यंत येत नसे.

शिवाय सोवळे होतेच. सैपाकखोलीत आजोबांनासुद्धा पारोशाने प्रवेश नव्हता. ज्या खोलीत मालक पाऊल टाकत नाही त्या खोलीला खिडकी कशाला लागते!

आजीला शेवटी शेवटी माणूस आवाजावरून ओळखावा लागे. "वय झालं," असे सगळे म्हणत. त्याच वयाच्या आजोबांना मात्र ओसरीवरून चौकातला माणूस ओळखू येत असे.

आता ओटायुग. माणूस चार पायांवरून दोन पायांवर कधी उभा राहिला याबद्दल शास्त्रज्ञांत मतभेद आहेत. वऱ्हाडातली बाई स्वयंपाकाला कधी उभी राहिली हे मात्र सांगता येते. गॅस आला तेव्हा. तसे शहरांतून कोळशाच्या शेगड्या बसवलेले ओटे आधीपासून होते आणि १८९२ साली स्वीडनमध्ये जन्मलेला प्रायमस स्टोव्ह आपल्या पिनेसह घरोघर पोचला होता. पण स्टोव्ह जमिनीवरही फुरफुरतो. गॅसचे तसे नाही. सिलिंडर उभाच ठेवायचा आणि शेगडी त्याच्यापेक्षा वर ठेवायची, हा कंपन्यांचा नियम. सिलिंडर उभा राहिला म्हणून शेगडी वर गेली आणि शेगडी वर गेली म्हणून बाई उभी राहिली. स्त्रीला पायांवर उभे करण्याच्या चळवळीत १४.२ किलोच्या या लाल कार्यकर्त्याचे नाव कुणी घेत नाही.

मुंबईत बर्मा शेलने १९५५ साली गॅस आणला. इंडेनचे पहिले कनेक्शन १९६५ साली कोलकात्याला दिले गेले. आमचा नंबर लागला १९७८ साली. मधली वर्षे आम्ही यादीत होतो. त्या काळी मुलगा जन्मला की दोन ठिकाणी नाव नोंदवावे लागे, शाळेत आणि गॅससाठी. शाळेत आधी नंबर लागे.

गॅस येणार म्हणून नव्या घरात ओटा घातला. वर काळा कडप्पा, खाली शहाबादी फरशी. कडप्पा आंध्रातल्या कडप्प्याचा, शहाबादी गुलबर्ग्याकडच्या शहाबादची. तेलुगू ओटा, कानडी जमीन आणि वर वऱ्हाडी ठेचा! राष्ट्रीय एकात्मतेवर भाषणे पुष्कळ ऐकली, पण ती अशी घोटून कडप्प्यावरच पाहिली.

आईला मात्र हे मान्य नव्हते. "उभ्यानं का कुठं सैपाक होते? उभ्यानं केलेलं अन्न अंगी लागत नाही," हे तिचे मत. गॅस खाली मांडायला तो आणणारा माणूस तयार होईना आणि आई उभी राहीना. शेवटी आईने मध्यम मार्ग काढला. स्टुलावर पाय देऊन ती ओट्यावर चढली आणि कडप्प्यावर मांडी घालून स्वयंपाकाला बसली. पंधरा दिवस आम्ही देवघरातल्या मूर्तीकडे बघावे तसे वर बघून भाकरी मागत होतो.

ती खाली उतरली ती कुणाच्या समजावण्याने नव्हे. ओट्यासमोर मिस्तरीने खिडकी ठेवली होती, गॅससाठी हवा खेळती पाहिजे म्हणून. एक दिवस भाजी परतायला म्हणून आई उभी राहिली ती तशीच राहिली. बाहेरून भाजीवाली चालली होती, शाळेची पोरे चालली होती, समोरची काकू वाळवणाला कुरडया घालीत होती. आई मला म्हणाली, "अरे, आपल्या घरासमोरून इतके लोक जातात?" लग्नाला तीस वर्षे झाली होती. तीस वर्षे ती भिंतीकडे तोंड करून रांधत होती.

पुढे ओट्यावर गर्दी झाली. भारतात १९५९ साली तयार होऊ लागलेले प्रेशर कुकर आमच्याकडे यथावकाश आले आणि शिट्या मोजणे हे घरातल्या पुरुषांचे स्वयंपाकातले पहिले योगदान ठरले. १९६३ साली मुंबईत सत्यप्रकाश माथुरांनी सुमीत मिक्सर काढला. त्याला प्लग हवा, म्हणून तो ओट्यावर आणि पाटा-वरवंटा परसात. ठेचा मात्र अजून तव्यातच पेल्याच्या बुडाने रगडला जातो. काही बाबतींत वऱ्हाड हटत नाही.

पण ओट्याची उंची कुणी ठरवली? मिस्तरीने. त्याला विचारले तर उत्तर ठरलेले : "भाऊ, वटा अडीच फुटाचाच रायते. आजपावतर समद्याइले तसाच करून देल्ला." अडीच फूट हा आकडा कुठून आला हे त्याला ठाऊक नाही, त्याच्या बापाला ठाऊक नव्हते. शास्त्रवचनाला आधार विचारायचा नसतो.

बरे, हे फक्त आमच्या मिस्तरीचे आहे म्हणावे तर तसेही नाही. आज जगभर जी आखीव स्वयंपाकघरे दिसतात त्यांची मूळमाया म्हणजे १९२६ चे 'फ्रँकफर्ट किचन'. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीत घरांची टंचाई होती. अर्न्स्ट माय यांच्या देखरेखीखाली फ्रँकफर्टला नव्या वसाहती उठत होत्या. त्यांच्यासाठी व्हिएन्नाच्या मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या बाईंनी हे स्वयंपाकघर आखले. नमुना कुठला, तर रेल्वेच्या डायनिंग कारचा. खोली साधारण दोन मीटर रुंद, साडेतीन मीटर लांब. बसून काम करायला फिरते स्टूल, पुढेमागे सरकणारा दिवा आणि साखर, तांदूळ यांची नावे घातलेले ॲल्युमिनियमचे खण. निळ्या रंगावर माशा बसत नाहीत अशी समजूत, म्हणून कपाटे निळी. अशी सुमारे १०,००० स्वयंपाकघरे बांधली गेली. बाई १८९७ साली जन्मल्या आणि २००० साली, जवळजवळ १०३ वर्षांच्या होऊन गेल्या. उतारवयात त्यांनीच सांगून टाकले की हे आखण्यापूर्वी त्यांनी कधी स्वयंपाक केलेला नव्हता!

नावे घातलेल्या खणांवरूनच ते कळायला हवे. आमच्या घरी 'रवा' लिहिलेल्या डब्यात पोहे असतात, 'चहा' लिहिलेल्या डब्यात जिरे, आणि ज्या डब्यावर काहीच लिहिलेले नाही त्यात पैसे.

फ्रँकफर्टच्या बायकांचीही एक तक्रार होतीच. खोली इतकी अचूक मापाची की दुसरे माणूस आत मावेना. मदतीला कुणी नाही, बोलायला कुणी नाही. सोवळे न पाळताही तेच साधले.

आता ट्रॉलीयुग. याचे दर्शन आम्हांला अकोल्याला घडले. अकोला आमच्यापासून जेमतेम शंभर किलोमीटर, पण सौ.चे माहेर असल्यामुळे आमच्या घरात ते अंतर मोजले जात नाही, अकोल्याच्या बाजूने ते शून्यच असते. जठारपेठेत मेहुण्यांनी नुकतेच मॉड्युलर किचन केले. दार ओढले की हळूच मिटते, चिमणी हात हलवला की सुरू होते. सौ. तासभर ट्रॉल्या ओढून बघत होती. मी जरा मागे सांडवाडीत गेलो, तर तिथे पत्र्याच्या शेडखाली जुन्या शेगडीवर वहिनी भजी तळत होत्या. "आतमधे तेल उडते ना भाऊजी," त्या म्हणाल्या. दाखवायचे स्वयंपाकघर पुढे, रांधायचे मागे. सैपाकखोली पुन्हा घराच्या मागे गेली होती.

आमच्याकडे आलेला डिझायनर हुशार पोरगा आहे. त्याच्या लॅपटॉपवर आमचे स्वयंपाकघर चौफेर फिरते. पण त्याच्या कपाटांत दोन किलोच्या बरण्या मावतात. वर्षाची तूरडाळ, गहू, खारोड्या, सांडगे कुठे ठेवायचे याला कॅटलॉगमध्ये पान नाही. मे महिन्यात पारा ४५ च्या वर गेल्यावर कूलरचा झोत कुठून घ्यायचा म्हणजे गॅस विझणार नाही, यालाही नाही. ओट्याची उंची त्याने सांगितली चौतीस इंच, सगळीकडची. मिस्तरीचे तीस, याचे चौतीस. दोघांत वाद सुरू झाला आणि दोघेही निर्णयासाठी माझ्याकडे पाहू लागले. मी चहा पीत होतो.

तेव्हा सौ. पुढे आली. "चाळीस वर्षं मी इथं उभी राहिले. गुडघे माझे गेले. तुम्ही दोघं कुणाला विचारता आहात?" आणि तिने सांगून टाकले. ओटा दोन उंचींचा पाहिजे. भाजी चिरायला, फोडणी द्यायला कोपराच्या चार बोटे खाली. (कोपर म्हणजे हाताचे, परातीची थोरली बहीण नव्हे.) ज्वारीची भाकर मळायला अंगाचा भार लागतो, त्यासाठी दुसरा भाग आणखी चार बोटे खाली आणि त्यापुढे एक स्टूल. ओट्यासमोर खिडकी, आहे तेवढीच, एक इंच कमी नाही. आणि खोलीत दोन माणसे मावली पाहिजेत. "दुसरं कोण?" डिझायनरने भाबडेपणाने विचारले. तिने माझ्याकडे पाहिले. माझा चहा संपला होता.

मिस्तरीने कानावरची पेन्सिल काढली, खिशातला टेप काढला आणि आयुष्यात प्रथमच तो मालकाकडे न बघता विचारता झाला, "मंग सांगा वहिनी, किती घेऊ?"

सौ.ने कोपर दुमडले.