चुन्याची निवळी आणि उघडी खिडकी

एक प्रयोग आपण सर्वांनीच वर्गात करून दाखवलेला असतो. चुन्याच्या निवळीत नळीने फुंकले की निवळी दुधाळ होते. ‘उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड असतो’ असे आपण फळ्यावर लिहितो, मुले ते वहीत उतरवून घेतात आणि तास संपतो. पण एखादे चिकाटीचे मूल फुंकतच राहते. थोड्या वेळाने निवळी पुन्हा स्वच्छ होऊ लागते आणि ते गोंधळून विचारते, “बाई, प्रयोग बिघडला का?”

प्रयोग बिघडलेला नसतो, तो पुढे गेलेला असतो. दुधाळपणा म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटचे, म्हणजेच चुनखडीचे, बारीक कण. आणखी कार्बन डायऑक्साइड मिसळला की त्या कणांचे विद्राव्य बायकार्बोनेट होते आणि ते दिसेनासे होतात. समुद्रातले प्रवाळ आपला सांगाडा याच कॅल्शियम कार्बोनेटचा बांधतात. असे प्रवाळ घरातल्या टाकीत जगवण्याची खटपट माणूस पावणेदोनशे वर्षांहून अधिक काळ करतो आहे. त्या खटपटीचा इतिहास पाहिला, तर त्या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर फार दूरवर नेते असे दिसते.

लंडनमधली खिडकी

१८४६ साली अ‍ॅना थिन या बाई इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर टॉर्की येथे गेल्या होत्या. तेथे त्यांना कठीण सांगाड्याचे लहान प्रवाळ मिळाले. दगडी बरणीत समुद्राचे पाणी भरून त्यांनी ते लंडनला आणले. लंडनमध्ये रोज समुद्राचे ताजे पाणी कोठून मिळणार? तेव्हा त्यांनी एक उपाय योजला. घरातल्या मोलकरणीने रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी उघड्या खिडकीसमोर एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात ओतत राहायचे. पुढच्या वर्षी पाण्यात समुद्री वनस्पतीही ठेवल्या. प्रवाळ नुसते जगले नाहीत, तर त्यांची संख्याही वाढली. ही हकीकत १८५९ मध्ये एका शास्त्रीय नियतकालिकात प्रसिद्ध झाली.

पाण्याला हवा मिळावी हा ओतण्याचा हेतू होता. पण त्या ओतण्यात दोन कामे होत होती. हवेतला ऑक्सिजन पाण्यात जात होता आणि प्राण्यांच्या श्वसनाने पाण्यात साठलेला कार्बन डायऑक्साइड बाहेर पडत होता. हा वायू पाण्यात मिसळला की कार्बनिक आम्ल तयार होते. म्हणजे ती मोलकरीण रोज पाण्यातले आम्ल कमी करीत होती. आजच्या टाकीत जे काम हवेचा पंप करतो, ते तेव्हा तिच्या हातांनी केले.

पुढे फिलिप हेन्री गॉस यांच्या १८५४ च्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या पुस्तकानंतर इंग्लंडमध्ये घरोघरी समुद्री टाक्या ठेवण्याची लाटच आली. गॉस यांनी त्याच सुमारास कृत्रिम समुद्रजलाची कृतीही दिली. साधे मीठ, एप्सम मीठ, मॅग्नेशियम क्लोराइड आणि पोटॅशियम क्लोराइड असे चारच क्षार तिच्यात होते. कॅल्शियम अल्प म्हणून वगळले होते. काही समुद्री प्राण्यांचे अशा पाण्यात भागले, पण सांगाडा बांधणाऱ्या प्रवाळाचे त्यावाचून कसे भागणार?

बीअरच्या प्रयोगशाळेतला आकडा

पाणी किती आम्ल आहे हे नेमके सांगायला त्या काळी सोपे माप नव्हते. ते आले कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेतून. ही प्रयोगशाळा बीअर बनवणाऱ्या उद्योगाने स्थापन केलेली. तेथील रसायनविभागाचे प्रमुख सोरेन सोरेनसेन विकरांवर काम करीत होते. विकरांचे काम पाण्यातल्या हायड्रोजन आयनांवर फार अवलंबून असते. पण त्यांचे प्रमाण इतके सूक्ष्म की लिहिताना दशांशचिन्हापुढे शून्यांची रांग लागते. सोरेनसेन यांनी १९०९ मध्ये त्या शून्यांऐवजी घातांक घेऊन एक सुटसुटीत मोजपट्टी मांडली. तीच पीएच. मराठीत आपण तिला सामू म्हणतो. मातीपरीक्षणाच्या कागदावर शेतकरी वाचतो तोच हा सामू. १९१० मध्ये सोरेनसेन यांनी एका सहकाऱ्याबरोबर समुद्राच्या पाण्याचा सामू कसा मोजावा यावरही लेख लिहिला.

या मोजपट्टीत एक मेख आहे, ती मुलांना आवर्जून सांगावी. सामू एकाने घटला की हायड्रोजन आयन दसपट होतात. म्हणून ८.२ आणि ८.१ यांतला फरक दिसतो तेवढा किरकोळ नाही. तो सुमारे २६ टक्क्यांचा आहे.

जकार्ता ते जर्मनी

मोजमाप हाती आले तरी प्रवाळ टाकीत तगत नव्हते. उष्ण समुद्रातल्या बहुतेक प्रवाळांच्या शरीरात सूक्ष्म शैवाले राहतात. त्यांना प्रकाश हवा, प्रवाळांना कॅल्शियम हवे आणि पाणी अगदी निर्मळ हवे. १९६१ मध्ये जकार्ताच्या ली चिन एंग यांनी अमेरिकेतल्या एका मत्स्यपालनविषयक मासिकात आपली ‘नैसर्गिक पद्धत’ मांडली. समुद्राचे पाणी, जिवाणू आणि इतर जीवांसह आणलेले खडक, भरपूर ऊन आणि हवेचे थोडे बुडबुडे एवढ्यावर त्यांच्या टाक्या चालत.

समुद्र आणि ऊन दोन्ही दूर असलेल्या जर्मनीतल्या हौशी मंडळींना हे जमणे अवघड होते. त्यांनी तीव्र प्रकाशाचे दिवे लावले आणि फेस करून पाण्यातली घाण काढणारी यंत्रे वापरली. तरीही कठीण सांगाड्याचे प्रवाळ टाकीतले कॅल्शियम आणि कार्बोनेट सारखे ओढून घेत, आणि पाणी निकृष्ट होई. १९७० च्या दशकात पेटर विल्केन्स यांनी यावर जो उपाय रूढ केला, तो आपल्या प्रयोगशाळेच्या कपाटातच आहे. तो म्हणजे चुन्याची निवळी! जर्मन भाषेत तिला ‘काल्कवासर’, म्हणजे शब्दशः चुन्याचे पाणी, म्हणतात. जगभरचे टाकीवाले आजही तेच नाव वापरतात.

निवळी एकाच वेळी तीन कामे करते. ती कॅल्शियम देते, पाण्यातला जादा कार्बन डायऑक्साइड पकडून त्याचे बायकार्बोनेट करते आणि त्यामुळे सामू वर येतो. टाकीतून रोज बाष्पीभवनाने जेवढे पाणी उडते, तेवढीच निवळी थेंबथेंब सोडायची अशी ही रीत. थेंबथेंब का? संपृक्त निवळीचा सामू १२.४ च्या आसपास असतो. ती एकदम ओतली तर टाकीचे पाणी आपल्या परीक्षानळीसारखे दुधाळ होते आणि प्राणी दगावतात.

निवळी बहुधा रात्री सोडतात, त्यालाही कारण आहे. दिवसा शैवाले प्रकाशसंश्लेषणासाठी कार्बन डायऑक्साइड वापरतात, म्हणून सामू चढतो. रात्री प्रकाशसंश्लेषण थांबते, श्वसन मात्र सर्वांचे चालूच असते, म्हणून सामू उतरतो. टाकीतला सामू पहाटे सर्वांत कमी आणि संध्याकाळी सर्वांत जास्त असतो. एकाच वेळी मोजून टाकीची प्रकृती ठरवू नये, हा धडा टाकीवाले अनुभवाने शिकले.

दुसरा धडा याहून मोलाचा. सामू कमी दिसला की पाण्यात खाण्याचा सोडा घालावा, असे नवख्याला वाटते. सोड्याने पाण्याची अल्कता, म्हणजे आम्ल पचवण्याची ताकद, वाढते. सामू मात्र फारसा हलत नाही. कारण बरेचदा दोष पाण्यात नसून खोलीत असतो. थंडीत दारे-खिडक्या गच्च बंद, आत माणसे, शेजारी गॅसची शेगडी. खोलीतल्या हवेत कार्बन डायऑक्साइड वाढला की तो पाण्यातही वाढतो. अशा वेळी पहिला उपाय सांगतात तो असा: खिडकी उघडा. दीड शतकाच्या रसायनशास्त्रानंतर आपण पुन्हा त्या मोलकरणीपाशी येऊन पोचतो.

खिडकी नसलेले घर

पण खिडकी उघडायचीच नाही असे ठरले तर? हा प्रयोगही झाला आहे. अमेरिकेत अ‍ॅरिझोनाच्या वाळवंटी प्रदेशात ‘बायोस्फिअर २’ नावाची प्रचंड काचेची इमारत उभारली गेली. तिच्यात शेत, जंगल आणि सुमारे २६ लाख लिटरचा एक छोटा समुद्रही होता, प्रवाळांसह. २६ सप्टेंबर १९९१ रोजी आठ माणसे आत गेली आणि दरवाजे बंद झाले. दोन वर्षे ती आतच राहिली.

आतल्या मातीतले जीव अपेक्षेपेक्षा जास्त श्वसन करू लागले. हिवाळ्यात ऊन कमी, म्हणून प्रकाशसंश्लेषणही कमी. हवेतला कार्बन डायऑक्साइड दर दहा लाख भागांत चार हजारांच्या घरात गेला, म्हणजे बाहेरच्या हवेच्या दसपटीहून अधिक. त्याचा परिणाम समुद्रावर होणारच. सामू सावरण्यासाठी त्या पाण्यात सोडियमचे कार्बोनेट आणि बायकार्बोनेट घालावे लागले. घरच्या टाकीची कसरत तेथे लाखो लिटरांवर करावी लागली.

पुढे कोलंबिया विद्यापीठाने ही इमारत संशोधनासाठी चालवायला घेतली. ख्रिस लँग्डन आणि सहकाऱ्यांनी तेथील समुद्राचे रसायन मुद्दाम बदलून प्रवाळसमूह किती वेगाने चुनखडी तयार करतो हे मोजले. २००० साली त्यांनी निष्कर्ष प्रसिद्ध केला. पाण्यात सांगाड्याला लागणारे कॅल्शियम आणि कार्बोनेट जसे कमी होईल, तशी बांधणी मंदावते. त्यांची तूट कालांतराने प्रवाळांच्या अंगवळणी पडते असे दिसले नाही.

सगळ्यांची मिळून एक खोली

औद्योगिक क्रांतीपूर्वी हवेत दर दहा लाख भागांत सुमारे २८० भाग कार्बन डायऑक्साइड होता. आज तो ४२० च्या वर आहे. समुद्राच्या पृष्ठभागाचा सामू याच काळात सुमारे ८.२ वरून ८.१ वर आला आहे. समुद्र आम्ल झालेला नाही, तो अजून अल्कधर्मीच आहे. पण तो आम्लाच्या दिशेने सरकतो आहे. २००३ पासून ‘सागरी आम्लीकरण’ ही संज्ञा चांगलीच रुळली. समुद्राची खिडकी वातावरणात उघडते, आणि वायू वाढतो आहे तो नेमका तेथेच. खोलीच्या बाहेर दुसरी खोली नाही.

मग समुद्रात चुना घातला तर? हा विचार शास्त्रज्ञ गंभीरपणे करीत आहेत. पण मुलांना एवढे विचारावे: चुना येतो कोठून? भट्टीत चुनखडी भाजून. भाजताना तिच्यातून हाच वायू बाहेर पडतो, शिवाय इंधनाचा धूर वेगळा. तो वायू भट्टीपाशीच अडवला नाही, तर मिळवलेल्यातला मोठा वाटा तेथेच खर्ची पडतो.

आपल्याकडे मालवणच्या समुद्रात प्रवाळ आहेत. पण शाळेच्या टाकीसाठी ते आणण्याचा विचारही करू नये. भारतात कठीण सांगाड्याच्या प्रवाळांना २००१ पासून वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे. त्यांच्याऐवजी दोन पेले पुरेत. दोन्हींत नळाचे पाणी आणि ब्रोमोथायमॉल ब्लू हा दर्शक घाला. एकात खाण्याच्या सोड्याचे चार कण, दुसऱ्यात अर्धा चमचा सोडा टाका. आता प्रत्येकात नळीने फुंका आणि निळा रंग हिरवट-पिवळा होतो का, आणि होत असेल तर किती श्वासांनी, ते पाहा (पाणी ओढले जाणार नाही याची काळजी घ्या). अल्कता म्हणजे काय, हे व्याख्येशिवाय कळेल.

मग पिवळसर झालेला पेला घेऊन उघड्या खिडकीपाशी जा, आणि ते पाणी दुसऱ्या रिकाम्या पेल्यात, पुन्हा पहिल्यात, असे दहा-पंधरा मिनिटे ओतत राहा. रंग हळूहळू निळ्याकडे परतू लागेल. हाच प्रयोग बंद डब्यात, पेल्याशेजारी वायू भरून ठेवून केला तर काय होईल, हे मात्र आधी सांगू नका. अंदाज मुलांनाच लिहू द्या.